अडतिसावं मिनिट

मित्रांनो, टीव्हीच्या पाठीला चिकटून, पडद्यावर सिनेमे दाखवत आयुष्य काढलेली मी एक जुनी स्टिक आहे. बोटभर लांब, काळी. हल्ली खणात असते, संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी.

कारखान्यातल्या एका बाईने मला तपासून खोक्यात निजवलं. दुकानात मला निवडलं एका म्हाताऱ्या शिंप्याने. दुकानदाराने आधी भरपूर बटणांच्या रिमोटचा डबा दाखवला, मग मोबाइलवरून टीव्ही चालवायची युक्ती सांगितली. शिंप्याचे हात थरथरत. तो म्हणाला, "सुईत दोरा ओवता येत नाही, ही बटणं कुठे शोधू? बोललेलं कळेल असं काही द्या."

त्याची बायको म्हणाली, "चाळीस वर्षांत मला कळलं नाही तुमचं बोलणं, त्याला काय कळणार?"

पण मला कळलं. रिमोटचं एकच बटण दाबून तो घोगऱ्या आवाजात सांगे आणि मी लावून देई. "घरात एक तरी ऐकणारं आलं," असं तो म्हणे. सून आतून हसे. सुरू होताना मी रोज विचारी, 'कोण पाहत आहे?' खाली तीन नावं येत. पहिलं अण्णांचं, म्हणजे शिंप्याचं.

एका दुपारी होडीतल्या माणसांचा सिनेमा बघता बघता अण्णा खुर्चीतच गेले. मुलाने मला थांबवलं. अडतिसावं मिनिट चालू होतं.

काही दिवसांनी मी पुन्हा सुरू झाले. 'कोण पाहत आहे?' पहिलं नाव अण्णांचंच. मुलाने घाईने दुसरं नाव निवडलं. रोज हेच होई. मला न विचारता राहता येत नव्हतं.

आजी, म्हणजे अण्णांची बायको, मात्र दुपारी एकटी असली की अण्णांचंच नाव निवडी. तो सिनेमा दोन मिनिटं बघे आणि मागे नेऊन बरोबर अडतिसाव्या मिनिटावर आणून ठेवी. अण्णा थांबले ती जागा हलू नये, एवढंच. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

पडद्यावरच्या अर्धवट राहिलेल्या सिनेमांच्या रांगेत तो सिनेमा सतत पुढे येई. सुनेला वाटलं, सासूबाईंना त्याचा त्रास होत असेल. पूर्ण बघितला की तो रांगेतून जातो, हे तिला ठाऊक होतं. आजी बाहेर गेली तेव्हा तिने तो शेवटपर्यंत चालवला.

"आई, तो सिनेमा आता पुढ्यात येणार नाही. संपवून टाकला मी."

आजी चप्पल काढता काढता थांबली. "होडी लागली का काठाला?"

"लक्ष नव्हतं हो माझं. भाजी निवडत होते."

दुसऱ्या दुपारी आजीने बोलायचं बटण दाबलं. मग हळूच म्हणाली, "अहो, कुठे आहात?"

माझ्यापाशी होतं नव्हतं ते सगळं मी धुंडाळलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'काही सापडलं नाही.' आजी उतारवयात वाचायला शिकली होती. तिने एकेक अक्षर लावून ते वाचलं आणि मला बंद केलं.

मित्रांनो, वस्तू सोयीचीच निवडा. पण घरात कुणी एखादी गोष्ट अर्धीच ठेवत असेल, तर ती पूर्ण करायची घाई करू नका. आधी त्या माणसाजवळ थोडा वेळ बसा.