पहिल्या हाकेची ओ

वामनराव कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा साहेबानं आपली जुनी दुर्बीण त्यांना बक्षीस दिली, आणि उभ्या हयातीत फायलींपलीकडे मान वर न केलेले हे गृहस्थ असीरगडच्या राखीव रानात पाखरं पाहत हिंडू लागले. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती. पण माघात त्यांनी आपल्या इतवारा पेठेत सांगून टाकलं, की रानातला एक पक्षी आपल्याला 'वामनबाबू' म्हणून हाक मारतो. तेव्हापासून थोरला मुलगा अरविंद त्यांच्या टाळूवर ब्राह्मीचं तेल थापू लागला आणि दुर्बीण कुलपात ठेवायची भाषा करू लागला.

म्हणून फाल्गुनातल्या त्या सकाळी वामनरावांनी साक्षीदार सोबत घेतला. जसोंडी गावचा लीलाधर, केळीचा बागाईतदार. सूर्य उगवला म्हटलं तरी हा दोन पंच मागायचा.

निघताना निर्मलाबाई म्हणाल्या, "अहो, रानात तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नका. पहिल्या हाकेला ओ देणाऱ्याचा आवाज रान ठेवून घेतं."

"पाखराला ओ द्यायला मी काय खुळा आहे?"

"तेच तर पाहायला चाललो ना, वहिनी," लीलाधर म्हणाला.

रानात पळस पेटले होते. वामनराव कोतवाल दाखवत होते, नीलकंठ दाखवत होते. लीलाधर जांभया दाखवत होता. एवढ्यात अंजनाच्या झाडाच्या शेंड्यावरून खणखणीत हाक आली, "वामनबाबू!"

लीलाधरच्या तोंडातला विडा खाली पडला. "भाऊ, सच्ची! तुमचंच नाव घेतलं!"

वामनरावांची छाती फुगली. आणि जन्माची सवय ती, टाचा जुळल्या, मान लवली, "जी, साहेब!"

रान एकदम गप्प झालं.

परतताना सगळं लीलाधरच बोलत होता. इतवाऱ्यात पोचेपर्यंत त्याचा पक्षी गिधाडाएवढा झाला होता. वामनरावांच्या ओट्यासमोर ही गर्दी जमली! हार आले, पेढे आले. अरविंदनं तेलाची बाटली गटारात रिकामी केली, दुर्बीण स्वतःच्या हातानं बापाच्या गळ्यात घातली आणि म्हणाला, "बाबा, चुकलं माझं."

"वामनराव, ती ओ एकदा ऐकवाच!" लोक ओरडले.

वामनरावांनी ऐटीत टाचा जुळवल्या, तोंड उघडलं.

"जी, साहेब!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काय ती अदब, काय तो आवाज! फक्त वामनराव अजून तोंड उघडून उभे होते, आणि समोरच्या लिंबाकडे पाहत होते.

आतून निर्मलाबाईंनी हाक मारली, "अहो, ताट वाढलंय."

"आलो," लिंबावरून उत्तर आलं.