हाबानेरो मिरचीची तोंडी परीक्षा

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत नापास झाली, तर सुएमी व्हॉलीबॉलच्या संघातून बाहेर! कानुल सरांनी नेमकं विचारलं, "अफेक्ट आणि इफेक्ट, फरक सांग."

तिने डब्यातली जहाल तिखट हाबानेरो मिरची पुढे केली. "खा ना, सर."

मेक्सिकोतल्या युकातानचा पुरुष वर्गासमोर मिरचीला नाही म्हणतो होय! सरांनी ती कचकन चावली.

"मिरची तुम्हाला अफेक्ट करते, ते क्रियापद. तुमच्या डोळ्यांतलं पाणी हा तिचा इफेक्ट, ते नाम."

"कसलं पाणी? मला काही झालेलंच नाही!" लालबुंद सर गरजले.

"अय्या! मग उदाहरण अर्धंच राहिलं. आणखी एक घ्या, सर."

सरांनी दुसऱ्या मिरचीकडे पाहिलं.

"पास झालीस, बाई! आधी पाणी आण!"