आधी कालचं

"सर, तुमचा अंदाज चुकला की तुम्हाला कोण ओरडतं?"

सगळा वर्ग आधी चिडीचूप झाला आणि मग एकदम फुटला. मागच्या बाकावर तिची चष्मेवाली मैत्रीण, ढापणी, हिनं तोंडात रुमाल कोंबला. पैज ढापणीचीच होती. हवामान खात्याचे साहेब शाळेत येणार आहेत, सगळ्यांसमोर त्यांना हा प्रश्न विचारून दाखव, तर तू खरी! आणि चिमणीनं दाखवला. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज बाकाखाली लपून बसायचा, आणि म्हणूनच जिचं नाव चिमणी पडलं, तीच उभी राहून खणखणीत विचारून मोकळी झाली. यंदा तिला काय झालं होतं कोण जाणे. वक्तृत्वाला एकदा टाळ्या मिळाल्या, तेव्हापासून घशाचं बूचच उडालं होतं.

साहेब तरुण होते, थंडीनं त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. ते रागावले नाहीत. "कुणी ओरडत नाही गं," ते म्हणाले. "मोबाइलवर दर थोड्या वेळानं नवा अंदाज येतो. नवा आला की जुना पुसला जातो. चुकलेला अंदाज बघायला कोण थांबतंय?"

सगळे हसले. चिमणीही हसली. पण खाली बसताना तिला कुठंतरी खुपलं. तिची आत्या आळीला अंदाज सांगायची, तेव्हा जुना अंदाज कधीच पुसला जायचा नाही. उलट आत्याची सुरुवातच तिथून व्हायची.

हे खोरं म्हणजे एक भली मोठी कढई. कडेला डोंगर, उतारावर गाव, आणि अगदी बुडाशी खालची आळी, जिथं चिमणीचं घर आणि जर्दाळूची बाग. थंड हवा पाण्यासारखी असते, उतार दिसला की घरंगळत येते आणि बुडाशी साचून राहते. वरच्या गावात नुसते स्वेटर निघतात, तेव्हा खालच्या आळीत गवतावर पांढरं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलेलं असतं. त्यात जर्दाळू म्हणजे महाउतावळं झाड. हिवाळा संपत आला आणि चार दिवस ऊन पडलं की ते फुलून बसतं, आणि मागून शेवटचा कडाका येतो. एका पहाटेत बहर काळा पडतो आणि वर्ष हातचं जातं. उपाय एकच. रात्रभर फवारे सुरू ठेवायचे. फुलांवर पाणी गोठतं आणि त्या बर्फाच्या आत फूल जगतं. पण पाणी सामाईक टाकीचं, आणि झोप ज्याची त्याची. त्यामुळे आज उठायचं की नाही, हे संध्याकाळीच कळायला हवं.

ते सांगायचं काम आत्याचं होतं.

फळं भरायच्या शेडच्या माळ्यावर भोंगा होता. शिडी चढून गेलं की एक टेबल, एक खुर्ची, धुळकट काचेची खिडकी आणि रुमालात गुंडाळलेला माइक. चिमणी लहान होती तेव्हा आत्या तिला पाठीवर घेऊन ती शिडी चढायची. वर पेंढ्याचा, खोक्यांच्या ओल्या लाकडाचा आणि कधीच्या काळी सडलेल्या एखाद्या फळाचा गोडसर वास असायचा. आत्या खिडकीतून खाली आळीकडे बघत बसायची. ढग आहेत का, वारा आहे का, घराघरांतला धूर सरळ वर जातोय की रस्त्यावर चादरीसारखा आडवा पसरतोय. मग वर्तमानपत्रातला खात्याचा आकडा बघायची, नाक मुरडायची, माइकवरचा रुमाल काढायची आणि एकदा खाकरायची. ते खाकरणं साऱ्या आळीत घुमायचं. दोरीवरचे कपडे काढणाऱ्या बाया थांबायच्या. न्हावीकाका गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच धरून उभे राहायचे.

"खालची आळी, कान द्या. आधी कालचं."

आधी कालचं! आज काय होणार हे ऐकायला माणसं उभी, आणि ही बाई कालचं काढायची. "काल मी म्हणाले दहिवर पडेल. नाही पडलं. तुम्ही जागलात, मनातल्या मनात मला काय म्हणालात तेही मला ऐकू आलं. आता आजचं." किंवा मग, "काल मी म्हणाले काही होणार नाही. पुलाजवळच्या झाडांच्या दोन ओळी थंडीनं भाजल्या. माझं चुकलं. आता आजचं." आणि थंडी जास्त असली की शेवटी हळूच, "शाळेतल्या पोरांनो, उद्या कान झाका." हे वाक्य आपल्यासाठी आहे असं आळीतल्या प्रत्येक पोराला वाटायचं. चिमणीला तर ते आपल्या एकटीसाठीच आहे याची खात्री होती, कारण ते बोलताना आत्या तिचाच कान ओढायची.

पुढं आत्याचे गुडघे गेले आणि शिडी सुटली. त्याच सुमारास सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. दोन हिवाळे भोंगा मुका होता. आता येत्या रविवारी तो उतरवायचा, असं सोसायटीच्या चिटणिसांनी फळ्यावर लिहून टाकलं होतं.

शाळेत पैज जिंकली त्याच दिवशी संध्याकाळी चिमणी शेडवरून घरी येत होती. मोबाइलवर होतं, 'किमान चार अंश. दहिवराची शक्यता नाही.' पण आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख होतं. वारा अजिबात नव्हता. आणि न्हावीकाकांच्या घरचा धूर रस्त्यावर आडवा पसरला होता, अगदी चादरीसारखा.

तिनं शिडीकडे बघितलं. शिडी तिथंच होती. वर टेबलावर धूळ बोटभर होती, पण माइकवर आत्याचा तोच निळ्या काठाचा रुमाल. चिमणीनं तो हुंगला. त्याला नुसता धुळीचा वास येत होता, तरी तिचे डोळे उगाच भरून आले. मग तिनं बटण दाबलं आणि खाकरली. आणि ते खाकरणं सगळ्या आळीभर घुमलं!

"खालची आळी, कान द्या. आज दहिवर पडणार. फवारे सोडा. शाळेतल्या पोरांनो, उद्या कान झाका."

धुळकट खिडकीतून तिनं पाहिलं. दोरीवरचे कपडे काढणारी बाई थांबली होती. न्हावीकाका दुकानाबाहेर आले होते. आणि सगळ्यात आधी फवाऱ्यांचा कॉक सोडायला जे धावत गेले, ते तिचे बाबा होते.

सकाळी दहिवर नव्हतं.

पहाटे कधीतरी वारा सुटला होता. बागेत चिखल झाला होता, फुलं नुसती ओली होती आणि सामाईक टाकी अर्ध्यावर आली होती. आळीतली माणसं तांबारलेल्या डोळ्यांनी जांभया देत उभी होती. चिमणी फाटकाशी आली, तसे न्हावीकाका म्हणाले, "काय गं चिमणे, बर्फ कुठं ठेवलास? जरा दे की, पायावर ठेवीन म्हणतो. रात्रभर उभं राहून सुजलेत."

लोक हसले. चिमणीचा आवाज पुन्हा बाकाखाली गेला.

"आणि एक सांगून ठेवतो," काका बाबांना म्हणाले, "आज मोबाइल काहीही म्हणो, काल उठलो ते उठलो. आज देव जरी त्या शिडीवर चढला तरी मी पांघरुणातून पाय बाहेर काढायचा नाही." बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

बाबा घरात आले. चिखलाचे बूट दारात आपटून त्यांनी चहाचा कप उचलला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आजपासून शाळा आणि घर. शेडकडे फिरकायचं नाही."

"जाऊ द्या हो," आई म्हणाली. "पोर आहे. चार दिवस लोक बोलतील, मग विसरतील. तू फक्त गप्प राहा बाई. कुणी विचारलं तर म्हण, खेळत होते."

शाळेत ढापणीनं मधल्या सुट्टीत तिच्या गळ्यात हात टाकला. "अगं, त्या साहेबांचा अंदाज बरोबर आला आणि तुझा चुकला! आता तुला विचारायला पाहिजे, तुला कोण ओरडतं?" ती नेहमीसारखी खिदळली. चिमणीला हसता आलं नाही. ढापणीनं ते पाहिलं आणि डब्यातला मोठा वाटा गुपचूप तिच्या पुढं सरकवला. तिची माफी मागायची पद्धत तीच होती.

दुपारी घरी आल्यावर चिमणी थेट आत्याच्या खोलीत गेली. आत्या खाटेवर बसून गुडघा शेकत होती. गरम पाण्याची पिशवी, मांडीवर शाल, उशाशी गोळ्यांचा डबा.

"ये. भाषण झकास झालं," आत्या म्हणाली. "आवाज माझ्यासारखा नाही, पण पोचतो."

"चेष्टा करू नकोस गं. सगळं चुकलं."

"धूर आडवा होता?"

"होता."

"वारा नव्हता?"

"नव्हता."

"मग मीही तेच सांगितलं असतं. आणि मीही चुकले असते." आत्यानं पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "पण एक विचारू? धूर बघून चढलीस, की चढायचं होतं म्हणून धूर बघितलास?"

चिमणीनं शालीच्या टोकाला पीळ घातला. "दोन्ही," ती शेवटी म्हणाली. "भोंगा रविवारी उतरणार ना. मला एकदा तरी ऐकायचं होतं, माझं खाकरणं कसं घुमतं ते."

आत्या इतकी हसली की पिशवी घसरून खाली पडली. "तुला काय वाटायचं, मी गावासाठी चढत होते? पहिल्या वर्षी मीही घुमण्यासाठीच चढले. आणि पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटले. लोकांनी शेडवर शेण फेकलं होतं, तुझ्या बाबाला विचार. तोच धूत होता."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी चढायची इतकी लाज वाटली की काय बोलू तेच सुचेना. म्हणून आधी तेच बोलून टाकलं. काल चुकलं. घरात बसून तोंड लपवण्यापेक्षा ते सोपं होतं. मी निम्म्याहून जास्त वेळा चुकले असेन गं. पण लोक ऐकत राहिले, कारण त्यांना माहीत होतं, ही उद्या येणार आणि आधी कालचं सांगणार."

चिमणी एकदम ताठ बसली. शिडीवरचा पेंढ्याचा वास, पाठीवरची ऊब, ओढलेला कान, सगळं तिच्या लक्षात होतं. 'शाळेतल्या पोरांनो'सुद्धा लक्षात होतं. मग काल माइकसमोर...

"आत्या," ती म्हणाली, "काल मी कालचं म्हटलंच नाही."

"काल तुझं काल नव्हतं," आत्या म्हणाली. "आज आहे."

स्वयंपाकघरात आई आणि बाबा संध्याकाळच्या चहाला बसले होते. टेबलावर बाबांचा मोबाइल होता. त्यावर आलं होतं, 'किमान शून्य अंश. तीव्र दहिवराची शक्यता.' बाबा त्याच्याकडे बघत होते आणि मधूनच खिडकीतून न्हावीकाकांच्या घराकडे. तिथला धूर पुन्हा आडवा पसरायला लागला होता. आभाळ लख्ख होतं. टाकी अर्धी होती.

"कुणी उठणार नाही आज," बाबा आईला म्हणत होते. "मी दारोदार जाऊ? कुठल्या तोंडानं? काल सगळ्यात आधी मीच पळालो होतो. सगळ्यांचा बहर जाणार."

चिमणी दारात उभी राहिली. तिनं आत्याचा निळ्या काठाचा रुमाल मुठीत धरला होता. काल माळ्यावरून येताना तो तिनं खिशात घातला होता. ती खाकरली. छोट्याशा स्वयंपाकघरात ते खाकरणं फारसं घुमलं नाही, तरी दोघांनीही वर बघितलं.

"आई, बाबा. मी आत्ता शिडी चढणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणाला होतात ते मला आठवतंय. पण आधी कालचं सांगणार, की काल मी म्हणाले दहिवर पडेल, पडलं नाही, टाकी माझ्यामुळं अर्धी झाली. मग आजचं सांगणार. पांघरुणातून पाय काढणार नाही म्हणालेत ना, त्या न्हावीकाकांचं नाव घेऊन सांगणार. आणि उद्याही चढणार. आजचं बरोबर आलं तरी, आणि चुकलं तरी."