सरांची राहिलेली आठ मिनिटे

मित्रांनो, जरा खाली बघा. रेडिओ केंद्राच्या या काचेच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, रंगाचे पोपडे उडालेला जो ठेंगू बसला आहे, तो मी. मी एक मायक्रोफोन. शेजारच्या कर्ण्याचा तोरा मनावर घेऊ नका. त्याचे काम बोलण्याचे, माझे ऐकण्याचे. जन्मभर मी तेवढेच करत आलो.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या पोटात केसाहून बारीक तार बसवली, माझ्यावर हलकी फुंकर मारली आणि म्हणाल्या, "हा तिखट कानाचा निघाला." जन्मतः झालेले ते कौतुक मी अजून विसरलेलो नाही. तिथून मी आलो तो थेट या केंद्रातल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. भिंतींना जाड कापड, दारावर लाल दिवा, मधे टेबल आणि टेबलावर मी. पलीकडच्या खोलीत टेपवाल्या ताई बसत. बोलायला येणाऱ्याचे घड्याळ, किल्ल्या, बांगड्या सगळे त्या आधी काढून ठेवायला लावत. मंत्र्यांनाही त्यांनी सोडले नव्हते.

दर गुरुवारी कायद्याचे एक प्राध्यापक येत. सगळे त्यांना नुसते सर म्हणत. न्यायालयात काय चालले आहे आणि राज्यघटना त्याबद्दल काय म्हणते, हे ते पंधरा मिनिटांत साध्या भाषेत समजावून सांगत. शिंपी, नर्सबाई, निवृत्त टपालवाले अशा कितीतरी जणांची पत्रे त्यांना येत.

सरांची एक खोड होती. ते आधी विरुद्ध बाजू मांडत, तीही इतकी जीव ओतून, की त्या बाजूच्या वकिलाला लाज वाटावी. मग एक लांब श्वास घेत आणि एकेक मुद्दा खोडून काढत. एका श्रोत्याने चिडून याचे कारण विचारले, तेव्हा सर माझ्यासमोर हसून म्हणाले होते, "समोरच्याला आधी नीट उभं करावं. पडलेल्याला पाडण्यात कसला आलाय पराक्रम?" तो मधला श्वास मला फार आवडे. आता सर आपले बोलणार, हे मला त्यावरून कळे.

मित्रांनो, त्याच श्वासाने घात केला.

त्या वर्षी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवणारा एक माणूस अकरा महिने तुरुंगात होता. का, ते कुणी सांगत नव्हते. कारण सांगणेच धोक्याचे आहे, असे सरकारचे म्हणणे. त्याचा खटला सरांची एक जुनी विद्यार्थिनी लढवत होती आणि सोमवारी सुनावणी होती. गुरुवारी सर त्यावर बोलले. पहिली सात मिनिटे सरकारची बाजू. तिचे शेवटचे वाक्य होते, "देश संकटात असताना कारण न सांगता माणसाला अटकेत ठेवण्याचा अधिकार सरकारला असलाच पाहिजे." मग तो श्वास. मग, "हे झालं सरकारचं म्हणणं. आता घटनेला ते का मान्य नाही, ते बघू." आणि पुढची आठ मिनिटे! इतके सुंदर मी पुन्हा कधी ऐकले नाही.

संध्याकाळी वरून फोन आला की बातम्या लांबल्या आहेत, भाषण सात मिनिटांचे करा. ताईंच्या पुढ्यात आणखी तीन टेपा पडल्या होत्या. ध्वनिमुद्रण करताना ताई शब्द कधी ऐकत नसत, आवाजाच्या काट्याकडे बघत असत. नऊ वर्षे त्यांनी सरांचा आवाज तळहाताच्या फोडासारखा जपला, पण सर काय बोलतात ते त्यांना माहीत नव्हते. वक्ते शेवटी तेच ते घोळवतात, म्हणून शेपूट कापायचे, हा त्यांचा नियम. आणि कापायला श्वासासारखी सोयीची जागा नाही. मधले दार उघडे होते. मला ब्लेडचा आवाज ऐकू आला. थांबा, असे मी कसे ओरडणार? रात्री लागली ती नुसती सरकारची बाजू.

मंगळवारी सकाळी सर आणि त्यांची ती विद्यार्थिनी, वकीलबाई, धावतच आले.

"सर, सरकारी वकिलांनी तुमचंच वाक्य वाचून दाखवलं," वकीलबाई दारातूनच म्हणाल्या. "म्हणाले, नामवंत घटनातज्ज्ञही आमच्याच बाजूचे आहेत. मी सांगितलं की भाषण अर्धंच लागलंय. तर न्यायमूर्ती म्हणाले, परवापर्यंत पूर्ण टेप दाखल करा."

ताई पांढऱ्याफटक पडल्या. "उरलेली टेप... सर, ती कालच्या कचऱ्यात गेली हो."

सर त्यांच्यावर एका शब्दानेही रागावले नाहीत. ताईंनी मागच्या अंगणातला कचरा हातांनी उपसला, पण गाडी येऊन गेली होती. सर पुन्हा माझ्यासमोर बसले आणि ती आठ मिनिटे पुन्हा बोलले. केंद्रप्रमुख म्हणाले, प्रकरण न्यायालयात आहे, आता हे लावता येणार नाही. न्यायालय म्हणाले, नंतर केलेली टेप चालणार नाही. सरांनी प्रतिज्ञापत्र दिले, तर सरकारी वकील म्हणाले, लोकांच्या शिव्या बसल्यावर मत फिरवले. मूळ शब्द ऐकलेला साक्षीदार एकच होता आणि त्याला तोंड नव्हते.

त्या माणसाच्या सुटकेचा अर्ज फेटाळला गेला. निकाल काही त्या वाक्यावर लागला नाही, असे जाणकार सांगतात. असेलही. तो माणूस तीन वर्षांनी सुटला, तेव्हा त्याच्या नजरेला बारीक खिळे दिसेनासे झाले होते.

त्यानंतर सर आधीच आपले मत सांगून टाकू लागले. दुसरी बाजू घाईघाईत दोन वाक्यांत उरकत. मधला श्वास नाहीसा झाला. काही महिन्यांनी सरही यायचे थांबले. पुढे नवे मायक्रोफोन आले आणि माझी रवानगी आधी अडगळीत, मग इथे झाली.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाचे बोलणे मधेच तुटलेले दिसले, तर त्याच्यावर शिक्का मारण्याआधी एवढे विचारा, की पुढे तो काय म्हणाला होता?

ताई आता निवृत्त झाल्या आहेत. तरी अधूनमधून काठी टेकत येतात, कपाटासमोर उभ्या राहतात आणि कुणी जवळ नाही असे बघून हळूच विचारतात, "तू तर ऐकलं होतंस ना रे? काय म्हणाले होते सर?"

मला शब्द न् शब्द पाठ आहे. ताई थोडा वेळ वाट बघतात आणि निघून जातात.