सहीच्या वरची ओळ

लातूरला आमच्या गल्लीत सगळ्या गच्च्यांवर सळया उभ्या असायच्या. पुढेमागे मजला चढवायचा म्हणून खांबांतून दोन-तीन फूट वर ठेवलेल्या, टोकांना गंज धरलेल्या. मेडिकलचे क्लासेस वाढले तशी एकेका गच्चीवरची सळई होस्टेलच्या भिंतीत गेली. आमच्या गच्चीवर मात्र एकही सळई नव्हती. शहाण्णव साली वरचा स्लॅब टाकल्यावर महिनाभरातच आमच्या वडिलांनी, अण्णांनी, सगळ्या कापून घेतल्या आणि वरून गिलावा करून टाकला.

शेजारचे हणमंतराव म्हणाले होते, "ओव्हरसियरसाहेब, पोराची वाट बंद करून राहिलात की!"

"पोरगं अवेळी वर जाऊ नये म्हणूनच," अण्णा म्हणाले होते.

पाया खणताना पाच फुटांवरही काळी माती संपली नव्हती. मुरूम लागायला आणखी चार फूट जावं लागलं असतं आणि तेवढी अण्णांची ऐपत नव्हती. त्यांनी दोन मजल्यांपुरता पाया घातला आणि तिथेच थांबले. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी माती. तिला पेलेल तेवढंच तिच्यावर ठेवावं, असं ते म्हणत.

या हट्टामागे आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी आम्हा दोघा भावंडांना एकदाच सांगितली. भूकंपाच्या आदल्या वर्षी एका खेड्यातल्या शाळेच्या खोलीच्या मजबुतीचा दाखला त्यांनी गावात न जाता, कचेरीत बसून सही करून दिला होता. त्र्याण्णवच्या तीस सप्टेंबरला ती खोली बसली. पहाटे चारला शाळा भरत नाही, एवढ्याच कारणाने त्यांच्या सहीखाली एकही मूल सापडलं नाही. तेव्हापासून अण्णा हातोडी घेऊन स्वतः जात, खांब ठोकून पाहत आणि सही करण्याआधी सहीच्या वर दोन शब्द लिहीत : स्वतः पाहिले. निवृत्तीनंतर लायसन्स घेऊन काम केलं, तेव्हाही.

अण्णांना जाऊन चार महिने झाले आणि राघवेंद्रने, माझ्या धाकट्या भावाने, मला नांदेडहून बोलावून घेतलं. घरावर दोघांचीही नावं लागली होती. तिसरा आणि चौथा मजला चढवायला महापालिकेची परवानगी हवी होती आणि त्यासाठी माझं संमतिपत्र.

टेबलावर फाइल उघडी होती. शेजारी मुनीब बसला होता. नकाशे काढायला तो अण्णांच्या हाताखाली शिकला. आता गल्लीतली निम्मी होस्टेलं त्याच्याच नकाशांवर उभी आहेत.

"सोळा खोल्या, अक्का," राघू म्हणाला. "फक्त मुलींसाठी. जूनमध्ये बॅच सुरू व्हायच्या आत उभं करायचं."

मी अंदाजपत्रक वाचलं. सिमेंट, सळई, टँकरचं पाणी, टाइल्स, लोखंडी कॉट, गीझरसुद्धा. पायासाठी एक ओळही नव्हती.

"पायाचं काय?"

"पायाला काय झालंय? वीस वर्षांत साधी चीर न्हाई पडली."

"वीस वर्षं त्यावर दोनच मजले आहेत, राघू."

"समोरच्यांनी पाच मजले चढवले. ते काय पाताळातून पाया घेऊन आलेत? तू पुस्तकं वाचून वाचून जिथं तिथं भुतं बघायला लागलीस. आणि हे अण्णांनीच लिहून दिलंय."

त्याने कागद पुढे सरकवला. स्टॅबिलिटी सर्टिफिकेट. सदर इमारत आणखी दोन मजले पेलण्यास सक्षम आहे. खाली अण्णांचा शिक्का, आणि सही.

मुनीबने सहीच्या वर बोट ठेवलं. "अक्का, एक विचारू? सही साहेबांचीच हाय. पण वरची ओळ न्हाई. त्या ओळीबिगर साहेबांची सही मी कधी बघितली न्हाई."

"आजारी माणूस," राघू म्हणाला. "विसरला असेल."

मी सही पाहिली. थरथरती, आणि 'मार्तंड'मधल्या शेवटच्या अक्षराला खाली ओढलेला एक फरकाटा. तो मला ओळखू आला. तो माझा होता.

नांदेडच्या दवाखान्यात अण्णांना आणून नऊ दिवस झाले होते. राघू दुपारी कागद घेऊन आला. "विम्याचे आहेत, सही घे, मी खाली औषधं बघतो," म्हणून गेला. अण्णांचा चष्मा लातूरलाच राहिला होता. मी पॅड धरला, त्यांच्या बोटांत पेन दिलं, मनगटाला आधार दिला. त्यांचा हात सहीच्या जागेवर गेला नाही. तो वर जात होता. मला वाटलं, त्यांना दिसत नाहीये. मी मनगट धरून हात खाली आणला आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "तिथं नाही अण्णा, इथं. खाली." ते माझ्याकडे पाहत राहिले. हात पुन्हा वर गेला. मी पुन्हा खाली ओढला.

मग त्यांनी सही केली. दोन दिवसांनी ते गेले.

हात सवयीने वर जात होता की त्यांना काही कळलं होतं, हे आता विचारायला कोणी नाही. कागद मीही वाचला नव्हता. मी, जी हातात आलेली पुडीसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही.

"विम्याचे कागद म्हणाला होतास," मी म्हणाले.

राघू गीझरच्या ओळीकडे बघत राहिला. "विम्याचेही होते त्यात," तो म्हणाला. "त्यांना तसंही काय कळत होतं, अक्का?"

मी संमतिपत्र पुढे ओढलं. 'माझी कोणतीही हरकत नाही' हे छापील वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं : सोबतच्या सर्टिफिकेटवर सही झाली तेव्हा मी हजर होते. कै. मार्तंडरावांना ते वाचता येत नव्हतं. इमारत त्यांनी तपासली नव्हती. त्यांचा हात मी धरला होता. माझी या बांधकामास हरकत आहे.

मग सही केली. वर एक ओळ मावेल एवढी जागा सोडून.

"तुझंच नाव येतंय ह्यात, कळतंय का?" राघू म्हणाला. "सख्ख्या भावाच्या घराविरुद्ध..."

"हाव, येऊ दे."

"मी दुसऱ्याची सही आणतो. लातुरात सही करणारे कमी न्हाईत."

"दुसऱ्याची आण. अण्णांची नको."

मी कागद राघूकडे दिला नाही, फाइल महापालिकेत नेऊन देणाऱ्या मुनीबकडे दिला. तो म्हणाला, "अक्का, एकदा आवक नंबर पडला की हे फाइलीतून निघत न्हाई. दुसऱ्या कुणाची सही आली तरी आधी हेच वाचतील. विचार करा."

"जरा थांबा," मी म्हणाले. कागद परत घेतला आणि सोडलेल्या जागेत लिहिलं :

स्वतः पाहिले.