मुंगीचे पातेले

अग्निशमन दलाच्या वैद्यकीय तपासणीहून माझी नात परत आली तेव्हा मी मसूर निवडत होतो. तिने बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. पळण्यात पास, शिडी चढण्यात पास, माणसाच्या वजनाचे पोते खांद्यावर घेऊन जिने उतरण्यात तर सगळ्यांच्या पुढे. फक्त रक्त कमी भरले. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणार होते. तेव्हाही कमी निघाले तर तिचे नाव कटणार आणि ती गोदामात खोकी उचलत राहणार, जशी आत्ता उचलते आहे.

घरात तिला मुंगी म्हणतात. लहानपणी तिला स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची खोड होती. एकदा तिने माझी खुर्ची ओढत दारापर्यंत नेली होती, आणि मी त्या खुर्चीत बसून वाचत होतो. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, दुसऱ्या गावी नोकरीला आहे. भरतीची तयारी इथून सोयीची म्हणून मुंगी माझ्याकडे राहते.

मुंगी व्हीगन आहे. मांस आणि अंडी नाहीतच, पण दूध, दही, लोणी, मधसुद्धा नाही. मागे एक हंगामभर तिने कोंबड्यांच्या कारखान्यात काम केले होते. तिथे काय पाहिले ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. विचारायला हवे होते की नको, हे मला अजून ठरवता आलेले नाही. परत आली ती अर्धे ताट बाजूला सारूनच.

स्वयंपाक माझ्याकडे असतो. माझा जन्म ग्रंथालयात जुनी पुस्तके शिवण्यात गेला, त्यामुळे चूल पेटवण्याआधी पुस्तक उघडायची सवय. पण या विषयावरच्या पुस्तकांत पहिल्याच पानावर बदामाचे दूध आणि काजूचे लोणी निघते. ती पुस्तके मी वाचली आणि जिथल्या तिथे ठेवून दिली. माझ्या निवृत्तिवेतनात आणि तिच्या गोदामाच्या मजुरीत बसतात ते मसूर, घेवड्याचे दाणे, बटाटे, कोबी, शेंगदाणे आणि आदल्या दिवशीचा पाव. घासाघीस मला जमत नाही, म्हणून बाजार उठायच्या वेळी जातो. तेव्हा भाव विचारावा लागत नाही, भाजीवालीच कंटाळून सांगते.

बीटचा पाला आणि फ्लॉवरची पाने भाजीवाली फेकून देते, ती मी मागून आणत असे. पहिल्या दिवशीच तिने विचारले, ससे पाळलेत का. नाही म्हणायला तोंड उघडले आणि तोंडून निघाले, एकच आहे. तेव्हापासून ती सशाची खुशाली विचारते. रक्ताचा निकाल आला त्या संध्याकाळी मी दुप्पट पाला मागितला, तर ती म्हणाली, मादी आहे वाटतं, दिवस गेलेत का. मी मान डोलावली. घरी येऊन हे सांगितले तेव्हा मुंगी पोट धरून हसली. त्या पंधरवड्यातले तिचे तेवढेच हसू.

मला मात्र चैन नव्हते. जेवताना मी तिच्या नखांकडे बघायचो, बोलताना तिच्या पापण्यांच्या आतल्या कडेकडे. ग्रंथालयात जाऊन रक्त आणि लोह यांवर जे मिळेल ते वाचले. जेवणावर चहा पिऊ नये असे वाचले, चहा बंद केला. लिंबू पिळावे असे वाचले, लिंबू सुरू केले. मग पुढच्या पानावर वाचले की अशा उपायांना काही महिने द्यावे लागतात. पुस्तक मिटून घरी आलो, आणि जिन्यात आठवले की चष्मा तिथेच राहिला.

माझी धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहते. ती इस्पितळात परिचारिका होती आणि निवृत्त झाली तरी गल्लीतल्या कुणालाही थांबवून जीभ दाखव म्हणते. आठवडा उलटला तेव्हा ती आली. पोर चुना लावलेल्या भिंतीसारखी दिसते, म्हणाली. अंड्यांचा खर्च मी करते, दुधाचा करते, तू फक्त तिला हो म्हणायला लाव. मी म्हटले, प्रश्न खर्चाचा नाही. ती म्हणाली, दादा, गरिबाच्या घरात प्रश्न खर्चाचा नसतो असं तूच एकटा म्हणू शकतोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा आली, हातात झाकणाचा डबा घेऊन. बकऱ्याचे काळीज उकळून, दोनदा गाळून काढलेले पाणी होते. तिने ते माझ्या नाकाखाली धरले. खरोखरच वास नव्हता.

"घेवड्यात घाल. रोज एक डबा देईन. तिला कळणार नाही."

"आणि कळलं तर?"

"जन्मभर सरबतातून कडू औषधं पाजली मी लोकांना. एकाने तरी तक्रार केली का?"

"ते रोगी होते."

"मग ही कोण आहे? कागदावर बघ." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "नोकरी हुकली तर तुझ्यामुळे हुकली असं मी कधी म्हणणार नाही, दादा. तू मात्र म्हणशील. रोज म्हणशील."

ती मला लहानपणापासून ओळखते, हीच अडचण.

घेवडा शिजत आला होता. मोठे पातेले होते, दोन दिवसांचे जेवण. महिना सरत आला होता आणि बरणीत नावाला दाणे उरले होते. मी डबा ओट्यावर ठेवला. खिडकीपाशी गेलो, परत आलो. झाकण काढले, लावले. मनात म्हटले, ही पोर आगीत शिरणार, लोकांना खांद्यावर टाकून बाहेर काढणार, आणि मी इथे एका डब्याचा विधिनिषेध पाळत बसलोय. मग म्हटले, आगीत शिरायचे ते तिचे तिने ठरवले, तसे ताटही तिचेच आहे. मग पुन्हा पहिलाच विचार. असे किती वेळ चालले कोण जाणे. शेवटी मी डबा उपडा केला.

रश्शाचा रंग बदलला नाही. मी ढवळले, लिंबू पिळले, गॅस बंद केला आणि खुर्चीत जाऊन बसलो. पुस्तक उघडले. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो आणि दर वेळी ती पातेल्यावरच येऊन संपत होती. उठलो, पातेले उचलले, मोरीपर्यंत नेले. दोन दिवसांचे अन्न मोरीत कसे ओतायचे? परत आणून ठेवले. तेवढ्यात जिन्यात पावले वाजली. मुंगी खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन जिने चढायची, सरावाचा तोच शेवटचा भाग असे.

ती घामाने निथळत आत आली, हात धुतले आणि माझी वाट न बघता ताट भरून घेतले. पाव मोडला, रश्शात बुडवला.

"खाऊ नकोस," मी म्हणालो.

"जळलंय का?"

"नाही."

"मग?"

"आत्याआजीने डबा दिला होता. काळजाचं पाणी. मी त्यात ओतलं."

पाव तिच्या हातातच राहिला, त्याच्या टोकावरून रस्सा ताटात ठिबकत होता. तिने तो हळूच ताटाच्या कडेला ठेवला आणि बोटे पुसली. मला वाटले होते ती ओरडेल. तिने फक्त एक शब्द विचारला.

"याआधी?"

"नाही."

"कधीच नाही? लोणी, दुधाची पावडर, काहीच?"

"नाही, मुंगी. हे पहिलंच."

मी खरे बोलत होतो. पण माझा आवाज मलाच पटला नाही. लबाड माणसाचा आवाज असाच असणार, बारीक आणि घाईचा. ती माझ्याकडे बघत राहिली. गेल्या दीड वर्षातली सगळी जेवणे एकेक करून उघडून बघत असावी. मग तिने ताटातले पातेल्यात परत ओतले, फडक्याने पातेल्याचे कान धरले आणि ते घेऊन, तशाच घामेजल्या कपड्यांत, जिना उतरून गेली.

ते कुठे गेले ते बहिणीने नंतर सांगितले. मुंगीने पातेले तिच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, आत्याआजी, हे फेकायचं नाही, तुम्हीच संपवा, आणि पातेलं घासून द्या. बहिणीने ते दोन दिवस खाल्ले. मीठ कमी होते असेही मला ऐकवले. पण दुसरा डबा आणला नाही.

त्यानंतर मुंगी स्वतःचे स्वतः करू लागली. आपले धान्य वेगळ्या बरणीत ठेवले, आपले पातेले वेगळे केले. आम्ही एकाच टेबलावर बसायचो, ती माझ्याकडे मिठाची वाटी सरकवायची, कामावरचे एखादे वाक्य बोलायची. भांडली असती तर बरे झाले असते. तिचा घेवडा कच्चा राहायचा. ती चावताना आवाज यायचा. दाणे आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात हे सांगायला मी तोंड उघडायचो आणि वाटायचे, आता मी भिजवण्याबद्दल बोलावे हे तिला कसे वाटेल. पाला मात्र आणत राहिलो. तो न धुता, न चिरता, जुडीची दोरीसुद्धा न सोडता तिच्या दाराशी ठेवत असे. त्याला कुणी हात लावलेला नाही, एवढे तरी दिसावे.

फेरतपासणीच्या दिवशी बहीण सकाळपासून येऊन बसली होती. मी खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून जिन्यात फिरत होतो. शेवटी ती म्हणाली, दादा, बस, नाहीतर तुझीच नाडी बघावी लागेल. बसलो, आणि लगेच उठलो.

मुंगी आली. बूट काढले.

"वाढलंय," ती म्हणाली. "पण अजून रेषेच्या खालीच आहे. महिन्याची मुदत दिलीय. शेवटची."

तिने खिशातून या वेळी तिथे दिलेली लोहाच्या गोळ्यांची डबी काढली, खिडकीशी नेली आणि तिच्यावरची सगळी बारीक अक्षरे वाचली. गोळी कशाकशाची बनली आहे हे शोधत होती. बहिणीने काही बोलायला तोंड उघडले आणि मिटले. मी तिला असे करताना आयुष्यात प्रथमच पाहिले. मग मुंगीने डबी शेल्फावर ठेवली, म्हणजे चालणारी होती.

"उद्यापासून पहाटे पळणार आणि तिथूनच गोदामात जाणार," ती म्हणाली. "स्वयंपाक जमत नाही मला. कच्चंच राहतं."

"दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू यायचं ते," बहीण म्हणाली.

मुंगी तिच्याकडे वळली नाही. "आजोबा, तुम्ही करा. पण मी घरी असतानाच. आणि मी बघणार."

"बघ," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी सुरुवात झाली. तिने स्टूल ओढून ओट्याशी घेतले आणि हाताची घडी घालून बसली. मी मसूर तिच्यासमोर निवडला, धुतला, पाणी मोजले. कांदा चिरताना सुरी दोनदा घसरली. परीक्षेला बसल्यासारखे वाटत होते, आणि परीक्षेत मी कधीच चांगला नव्हतो. पाला धुताना प्रत्येक पान उलटसुलट करून धरले, तेव्हा ती म्हणाली, तेवढं नको.

मसूर उकळू लागला. मी वळून पाहिले तर तिचे डोके ओट्यावर टेकले होते. दिवसभराची दमणूक, झोप लागली होती. मी मिठाची वाटी उघडून चिमूट उचलली होती. तशीच धरून उभा राहिलो. मीठच होते, पण ती बघत नव्हती. चिमूट वाटीत परत टाकली, गॅस बारीक केला. मसूर रटरटत होता, खाली लागण्याची भीती होती. ढवळले. ढवळणेही तिने पाहायला हवे होते का, ते समजेना.

शेवटी मी तिच्या खांद्याला हात लावला.

"मुंगी, मीठ घालतोय."

तिने एक डोळा उघडला. माझ्या चिमटीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"घाला," ती म्हणाली, आणि डोळा मिटून घेतला.