कुजक्या शेवाळातली वाट

"तपकिरी पडलेलं शेवाळ उपसू नका हं. किडे त्यातच असतात." शेतकी कॉलेजच्या बाई माझ्यातून उतरता उतरता हे बोलल्या. माझ्या फळ्यांत तो आवाज अजून आहे.

मित्रांनो, मी केरळातल्या कुट्टनाडची एक जुनी होडी. आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याने शिवून, माशाचं तेल पाजून मला पाण्यात सोडलं. माझी मालकीण कार्त्यायनी. भात, नारळ, नवऱ्या मुली, आजारी माणसं, सगळ्यांना मी वाहिलं. इथे कालवा हाच रस्ता.

मग परदेशी शेवाळ आलं आणि कालव्यावर हिरवी गादी पसरली. बाईंनी मला बांबूने कसंबसं रेटत नेऊन त्यावर ते शेवाळ खाणारे मोहरीएवढे भुंगेरे सोडले. त्यानंतर मी खुंटालाच. भरतीचं पाणी खालून ओढायचं आणि मी दोर ताणून तळमळायची. पलीकडे कार्त्यायनीची लेक तंकमणी सासरी, पहिलटकरीण. "सातव्यात माझ्याच होडीने तुला माहेरी आणीन," असा शब्द आईने दिलेला.

सहावा सरत आला तेव्हा कुठे घाटापाशी शेवाळ तपकिरी पडलं. शेजारचा पाप्पच्चन दाताळं घेऊन धावत आला. कार्त्यायनीला तो चेच्ची, म्हणजे ताई, म्हणायचा.

"चेच्ची, कुजलंय बघ! हे काढतो, म्हणजे पुढचं हिरवंही रेटता येईल."

कार्त्यायनीचा सोमवारचा उपास होता. तिने दाताळ्याचा दांडा धरला. "नको रे. काठावर फेकलंस तर किडे उन्हात मरतील. हिरवं पुन्हा पसरेल."

"मग लेकीला काय किड्यांच्या पाठीवर बसवून आणणार?"

"तुझ्या जिभेपेक्षा कामसू आहेत ते. जा, घरी जाऊन पेज पी."

तो कुरकुरत गेला. पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. रोज सांजेला देवापुढे दिवा लावून ती घाटावर यायची आणि शेवाळात हात घालून कितपत कुजलं ते चाचपायची. सातवा लागला. पलीकडच्या काठावरून हाक आली, "अम्मा, येतेस ना?" ती "येते गं" म्हणाली, आणि माझ्यात साचलेलं पाणी उपसू लागली. मलाही वाटलं, पाप्पच्चनचं ऐकायला हवं होतं का?

तपकिरी डाग मात्र या काठाकडून त्या काठाकडे सरकत होता. एका पहाटे माझ्या अंगाला गार, मोकळं पाणी लागलं. कुजलेली गादी तळाला बसली होती.

मित्रांनो, कुजकं म्हणून काही फेकण्याआधी जरा वाकून बघा. आत कुणीतरी मुकाट्याने आपलं काम करत असेल.

कार्त्यायनीने पाण्याला हात जोडले. माझ्यात चटई अंथरली, लेकीला टेकायला उशी ठेवली. मग कुणालाही हाक न मारता तिने दोर सोडला.